लटक्या लाजेचा निवाडा

इंग्रजी भाषेतील 'कॉय' या छोट्या विशेषणाचा अर्थ कोशांमधून साधारणपणे असा दिला जातो की, मनात नसलेला संकोच जी व्यक्ती दाखवते, आणि बहुधा समोरच्याला अधिक ओढ लागावी म्हणूनच दाखवते, ती 'कॉय' होय. त्याला जोडून दुसरा अर्थ येतो तो माहिती हातची राखणाऱ्याचा, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर न देता आढेवेढे घेणाऱ्याचा. ही व्याख्या वाचायला सोपी असली तरी तिच्यात एक अवघड दावा गृहीत धरलेला आहे. एखाद्या मुलीला 'लाजाळू' म्हणणारा तिचे दिसणारे वागणे सांगतो, तर तिला 'कॉय' म्हणणारा त्या वागण्यामागचे न दिसणारे मनही आपल्याला कळले आहे असे सांगतो, कारण लाज खोटी आहे हे ठरवायचे तर खरे काय आहे हे आधी ठाऊक असावे लागते. हे ज्ञान बोलणाऱ्याला कोठून मिळाले, याविषयी व्याख्या काहीच बोलत नाही, आणि म्हणून या शब्दाकडे दोन अगदी वेगळ्या बाजूंनी पाहता येते. पुढील संवादात त्या बाजू दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत इंग्रजी काव्याचे ज्येष्ठ अध्यापक, ज्यांना या शब्दात मानवी व्यवहारातील एका नाजूक कलेचे नाव दिसते. दुसऱ्या आहेत इंग्रजी–मराठी कोशाचे काम करणाऱ्या कोशकार, ज्यांना त्यात पाहणाऱ्याने केलेला आरोप दिसतो. कोशात या शब्दाची नोंद कशी लिहावी, हा त्यांच्यासमोरचा व्यावहारिक प्रश्न आहे.

अध्यापक: बाई, या शब्दाला आरोप म्हणण्याआधी त्याचे कुळ पाहायला हवे. लॅटिनमध्ये 'क्विएटस' म्हणजे शांत. त्याचे जुन्या फ्रेंचमधील रूप चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले आणि 'कॉय' झाले. शांत या अर्थाचा इंग्रजीतील नेहमीचा शब्द 'क्वाएट' हा त्याचा सख्खा भाऊ आहे. फ्रेंचमध्ये तर 'गप्प राहणे' अशा अर्थाच्या वाक्प्रचारात तो शब्द अजून टिकून आहे. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये मठाध्यक्षा असलेल्या जोगिणीचे स्मित या विशेषणाने वर्णिले आहे, आणि तेथे ढोंगाचा मागमूस नाही, निदान त्या शब्दात तरी नाही. त्याच ग्रंथात यात्रेकरूंचा यजमान ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यालाही हाच शब्द लावतो. म्हणजे शब्द मुळात निर्मळ आहे आणि पुरुषालाही चालतो.

कोशकार: तेच दुसरे उदाहरण नीट पाहावे, सर. यजमान त्या विद्यार्थ्याला नुसते 'शांत' म्हणून थांबत नाही; जेवणाच्या मेजाशी बसलेल्या नव्या नवरीसारखा तू गप्प आहेस, असे तो म्हणतो. पुरुषाच्या गप्प बसण्याचे वर्णन करायलाही नवरी आणावी लागली, यावरून चौदाव्या शतकाच्या अखेरीसच हे मौन स्त्रीच्या आणि लग्नाच्या बाजूला कलले होते असे दिसते. पुढे जे घडले त्याला शब्दार्थशास्त्रात अर्थापकर्ष म्हणतात, म्हणजे चांगल्या किंवा तटस्थ अर्थाच्या शब्दाला हळूहळू वाईट अर्थ चिकटणे. मात्र अर्थापकर्ष आपोआप होत नाही; शब्द कोणाच्या तोंडी अधिक राहिला यावर तो अवलंबून असतो. सतराव्या शतकात हा शब्द याचना करणाऱ्या प्रियकरांच्या तोंडी राहिला.

कोशकारांचा रोख ज्या काव्यप्रकाराकडे आहे त्याला होरेस या रोमन कवीच्या शब्दांवरून 'कार्पे डिएम' असे नाव पडले आहे. आजचा दिवस फळासारखा खुडून घ्यावा, उद्यावर ठेवू नये, असा त्याचा आशय असतो. रॉबर्ट हेरिकच्या १६४८ साली निघालेल्या 'हेस्पेरिडीज' या संग्रहात कुमारिकांना उद्देशून लिहिलेली कविता या जातीची आहे, आणि तिच्या शेवटी त्यांना दिलेल्या उपदेशात हेच विशेषण येते. अँड्र्यू मार्व्हेलच्या प्रसिद्ध कवितेच्या तर शीर्षकातच ते बसले आहे. मार्व्हेल १६७८ मध्ये वारला आणि ती कविता १६८१ मध्ये छापली गेली. तर्कशास्त्रातील अनुमानासारखी तिची तीन पायऱ्यांची बांधणी आहे: काळ अमर्याद असता तर वाट पाहता आली असती, परंतु काळ पाठीशी लागला आहे, म्हणून विलंब नको. पहिल्या पायरीवर ती स्त्री दूर गंगेच्या काठी माणके वेचते आणि प्रियकर इंग्लंडमधील हंबर नदीकाठी, म्हणजे मार्व्हेलच्या स्वतःच्या हल गावाजवळ, आपले गाऱ्हाणे गातो, अशी कल्पना आहे. संपूर्ण कवितेत ती स्त्री एक शब्दही बोलत नाही, आणि तरीही तिच्या मनाविषयीचा निर्णय शीर्षकातच लागलेला असतो. एवढेच नव्हे, आरंभीच्या ओळींत तिच्या संकोचाचा उल्लेख अपराधाच्या भाषेत येतो. इतक्या देखण्या रचनेत एवढा एकतर्फी निवाडा गुंफलेला असल्यामुळे या शब्दाच्या पुढच्या इतिहासावर तिची छाया पडली असावी, असे मानायला जागा आहे.

येथे एक गैरसमज बाजूला काढलेला बरा. भुलवण्यासाठी ठेवलेल्या आमिषाला इंग्रजीत 'डिकॉय' म्हणतात आणि त्यामुळे दोन्ही शब्दांत नाते असावे असे अनेकांना वाटते. परंतु तो शब्द पिंजरा या अर्थाच्या डच शब्दावरून, रानबदके पकडण्याच्या सापळ्यांच्या संदर्भात आला आहे. भुरळ घालणे हा अर्थ 'कॉय'च्या रक्तात नाही.

अध्यापक: मार्व्हेलचा प्रियकर वकिली करतो हे मान्य, बाई. पण मिल्टनचे काय? 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ चे. त्याच्या चौथ्या सर्गात ईव्ह ॲडमला ज्या रीतीने वश होते त्या रीतीला मिल्टनने हेच विशेषण लावले आहे, आणि हा प्रसंग पतनाच्या आधीचा आहे. पतन म्हणजे ईश्वराची आज्ञा मोडून मानवाने पाप जगात आणणे. जेथे पापच आलेले नाही तेथे ढोंग कोठून येणार? मग या शब्दाला येथे एकच अर्थ उरतो: देणे आणि थांबवणे यांचा असा मेळ, की ज्यात थांबवणे हाही देण्याचाच भाग असतो. ही कला आहे. तिला खोटेपणा म्हणणे म्हणजे गायकाच्या मींडेला बेसूर म्हणण्यासारखे आहे.

कोशकार: युक्तिवाद बळकट आहे, परंतु त्या सर्गात ईडनचे ते जोडपे वाचकाला प्रथम दिसते ते कोणाच्या पाठोपाठ, हे विसरता येत नाही. सैतान भिंत ओलांडून आत आलेला आहे, झाडावर बसून पाहतो आहे, आणि त्याचे पाहणे सुरू झाल्यावर हे वर्णन येते. शब्द मिल्टनचा आहे की पाहणाऱ्याच्या नजरेने डागाळलेला आहे, हे कवीने मोकळे सोडले आहे. थोर कवी असे करतात. कोशाला मात्र ते मोकळे सोडता येत नाही, म्हणून कोशाने निदान एवढे तरी सांगावे की या विशेषणात नेहमी दोन माणसे असतात: एक संकोच करणारे आणि दुसरे तो संकोच खोटा ठरवणारे.

अध्यापक: दोन माणसे असतात हे आपल्या परंपरेलाही ठाऊक होते, आणि तिने त्यासाठी अधिक बारीक शब्द घडवले. भरताच्या नाट्यशास्त्रातील तेहेतीस व्यभिचारी भावांत, म्हणजे स्थायी भावाच्या आधाराने येणाऱ्या-जाणाऱ्या भावांत, व्रीडा वेगळी आहे आणि अवहित्था वेगळी आहे. व्रीडा म्हणजे खरी लाज. अवहित्था म्हणजे मनातल्या भावाची बाह्य खूण झाकून घेणे. शिवाय स्त्रियांच्या स्वाभाविक अलंकारांत कुट्टमित सांगितले आहे: प्रियकराच्या स्पर्शाने आतून सुख होत असताना वरून त्रासल्याचा आव आणणे. इंग्रजीने एका शब्दात जे कोंबले ते येथे सुटे करून ठेवले आहे. मग ही गोष्ट अस्तित्वातच नाही, ती पाहणाऱ्याची कल्पना आहे, असे कसे म्हणता येईल?

कोशकार: ती अस्तित्वात नाही असा दावाच नाही. प्रश्न एवढाच आहे की ती ओळखण्याचा अधिकार कोणाला. नाटकात तो प्रेक्षकाला असतो, कारण नटी आणि नाटककार दोघेही त्याला खुणा देतात. कुट्टमित ही रंगभूमीची संज्ञा आहे आणि तेथे ती निर्दोष आहे. काव्याचे उदाहरण हवे असेल तर कालिदासाची पार्वती घ्यावी. 'कुमारसंभवा'च्या सहाव्या सर्गात तिच्या विवाहाची बोलणी चालू असताना ती वडिलांच्या बाजूला मान खाली घालून हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजत बसते. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त ध्वनीचे, म्हणजे शब्दाने न सांगता सुचवलेल्या अर्थाचे, उदाहरण म्हणून हा श्लोक घेतला. कोणाला त्यात लज्जा दिसली, कोणाला अवहित्था. कालिदासाने स्वतः विशेषण वापरलेच नाही. पाकळ्या मोजणे दाखवले आणि पार्वतीचे मन पार्वतीपाशी राहू दिले.

कोशकारांचे हे उत्तर दोन्ही भूमिकांमधील खरा फरक दाखवते. अध्यापक ज्या कलेची बाजू घेत आहेत ती दोघांच्या संमतीने चालणारी कला आहे. दोघांनाही खेळ ठाऊक असतो, आणि म्हणून थांबवणारीला हवे तेव्हा खेळ संपवता येतो. ज्या क्षणी एकालाच तो खेळ वाटतो आणि दुसऱ्याला तो वाटत नाही, त्या क्षणी तेच विशेषण एखाद्याचे बोलणे रद्द ठरवण्याचे साधन बनते. जेन ऑस्टिनने 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीत हे निर्विवादपणे दाखवले आहे. श्री. कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतात, ती स्पष्ट नकार देते, आणि कॉलिन्स तो नकार कुलीन मुलींची रीत समजून अधिकच उत्साहित होतात. ती जितक्या सरळ शब्दांत नाही म्हणते तितकी त्यांची खात्री वाढत जाते. त्या प्रसंगात 'कॉय' हा शब्द वाचकाला शोधावा लागत नाही, कारण त्यामागचे गृहीतक संपूर्ण प्रसंग चालवते. एकदा लाज खोटी ठरवली की त्या निर्णयाविरुद्ध दिलेला प्रत्येक पुरावा त्याच्याच बाजूचा होतो, आणि अशा कोंडीतून एलिझाबेथसारख्या वाक्पटू मुलीलाही वडिलांचा आधार घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.

हे गृहीतक कादंबरीपुरते राहत नाही, आणि महाराष्ट्राला याचा फार कडू अनुभव आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत या गोष्टीला महत्त्व देऊन, दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधिअध्यापकांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या खुल्या पत्राने मुकाट्याने सहन करणे आणि संमती देणे यांतला भेद मांडला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने पुढे संमतीची व्याख्याच कायद्यात घातली: ती निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची असली पाहिजे, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून ती होती असे मानता येणार नाही. 'शांत' या अर्थाने निघालेल्या शब्दाला शांततेचा अर्थ लावण्याचा हक्क चिकटला की काय होऊ शकते, हे सांगण्यासाठी याहून गंभीर संदर्भ नाही.

अध्यापक: वाचणाऱ्याने केलेल्या पापासाठी शब्दाला शिक्षा देऊ नये. शिवाय एक धोका उलट बाजूनेही आहे. सगळा संकोच खराच असतो असे धरले तर स्त्रियांच्या चातुर्याला जागाच उरत नाही. कॉन्ग्रीव्हच्या 'द वे ऑफ द वर्ल्ड' या १७०० सालच्या नाटकातील मिलमंट पाहा. ती मिराबेलला झुलवत ठेवते, टाळते, हसण्यावारी नेते, आणि शेवटी लग्नाला होकार देताना आपल्या अटी एकेक करून घालते. त्या काळी इंग्रजी कायद्यानुसार लग्नानंतर स्त्रीची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे व्हायला १८७० आणि १८८२ साल उजाडावे लागले. तिच्या हाती जी काही सत्ता होती ती होकाराच्या आधीच्या दिवसांतच होती. ते दिवस तिने लांबवले तर तिला 'कॉय' म्हणणे हा तिचा गौरव आहे.

कोशकार: सर, तो गौरव खरा असेल तर व्याख्या चुकते. ज्या संकोचाला एवढे सबळ कारण आहे तो लटका कसा? मिलमंट लाजण्याचे सोंग करत नाही, ती सौदा पक्का होईपर्यंत थांबते आहे. सोंग वाटते ते तिच्याकडून लवकर उत्तर हवे असणाऱ्याला.

या मुद्द्यावर अध्यापकांपाशी पुरेसे उत्तर नाही असे म्हणावे लागते, मात्र त्यांनी दिलेल्या उदाहरणाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, कारण संकोचामागचा हिशेब त्यांनीच उघड केला. हाच हिशेब एकोणिसाव्या शतकात या शब्दाला बरोबर घेऊन अगदी वेगळ्या क्षेत्रात गेला. चार्ल्स डार्विनने 'द डिसेंट ऑफ मॅन' (१८७१) या ग्रंथात लैंगिक निवडीचा सिद्धान्त मांडताना, म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या स्पर्धेतून गुण कसे टिकतात हे सांगताना, प्राण्यांतील मादीला हेच विशेषण लावले: नर उतावीळ असतो, मादी 'कॉय' असते आणि बराच वेळ त्याला टाळते. कवितेतील प्रेयसीचे विशेषण अशा रीतीने हरणी-पक्षिणींना मिळाले. १९४८ मध्ये अँगस बेटमनने फळमाश्यांवरील प्रयोगातून असे दाखवले की अधिक जोडीदार मिळाल्याने नराची संतती वाढते, मादीची तितकी वाढत नाही. १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सने त्याला पालकीय गुंतवणुकीच्या सिद्धान्ताची चौकट दिली, म्हणजे पिलासाठी अधिक खर्च करणारा जोडीदार निवडीत अधिक चोखंदळ असतो. आणि १९७६ मध्ये रिचर्ड डॉकिन्सने 'द सेल्फिश जीन'मध्ये दीर्घ प्रियाराधनाशिवाय संग न करणाऱ्या मादीच्या डावपेचाला थेट 'कॉय' हेच नाव दिले. आता तो शास्त्रीय पारिभाषिक शब्द झाला होता.

कोशकार: आणि तो तपासला गेला तो आपल्याच देशात. सारा ब्लाफर हर्डी यांनी राजस्थानातील अबूच्या परिसरात काळ्या तोंडाच्या हनुमान वानरांचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९७७ चे. टोळीचा ताबा घेणारे नवे नर पिलांना का मारतात हा त्यांचा विषय होता, परंतु पाहताना त्यांना असे आढळले की माद्या संकोच करत बसत नाहीत. टोळीबाहेरच्या नरांकडेही त्या स्वतः होऊन जातात आणि डोके थरथरवून त्यांना बोलावतात. हर्डी यांनी लावलेला अर्थ असा की, पितृत्वाविषयी संदिग्धता राहिली तर अधिक नर त्या मादीच्या पिलाला हात लावायला कचरतील. १९८६ मधील निबंधात त्यांनी 'कॉय' मादी हे एक मिथक असल्याचे शीर्षकातच म्हटले, आणि एवढी वर्षे ते टिकले याचे एक कारण पाहणारे कोण होते यात आहे, असेही दाखवले. पुढे २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी बेटमनचा प्रयोग पुन्हा केला तेव्हा मोजणीतच दोष निघाला: आई आणि बाप ओळखण्यासाठी वापरलेली दोन्ही उत्परिवर्तने ज्या पिलांत एकत्र येत ती बहुधा मोजणीआधीच मरत.

अध्यापक: याचा अर्थ मादी चोखंदळ नसते असा होत नाही.

कोशकार: अर्थातच नाही, पुष्कळ जातींत ती असते. चोखंदळपणा मोजता येतो. निवडलेले आणि टाळलेले नर मोजले की झाले. 'कॉय' म्हटले की मात्र तिला मनातून हवे होते असा एक न मोजता येणारा भाग त्यात शिरतो, आणि वानरीचे मन तर मार्व्हेलच्या प्रेयसीच्या मनाहूनही दूर आहे.

अध्यापकांनी येथे आपली बाजू थोडी सरकवली आणि आजच्या वापराकडे लक्ष वेधले, जे योग्यच होते. इंग्रजी वृत्तपत्रांत आज हे विशेषण प्रेयसीपेक्षा राजकारण्यांना आणि कंपन्यांना अधिक शोभून दिसते: निवडणूक लढवणार का या प्रश्नावर नेता 'कॉय' असतो, विक्रीच्या आकड्यांबाबत कंपनी 'कॉय' असते. मराठी बातमीदार येथे निर्णय गुलदस्त्यात असल्याचे किंवा पत्ते उघड न केल्याचे लिहितो, आणि ताकाला जाऊन भांडे लपवणे या म्हणीत तर हा अर्थ नेमका उतरतो, कारण तिच्यात हवेपण आणि लपवणे दोन्ही आहेत. या वापरात शब्दाची जुनी अडचण बरीच सैल होते. नेत्याला उत्तर ठाऊक असते, ते देण्याची त्याच्यावर काही जबाबदारीही असते, आणि महिन्याभराने अर्ज भरला की आधीचा संकोच लटका होता हे सर्वांना तपासता येते. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्या मौनाबद्दल वापरलेला हा शब्द न्याय्य ठरतो. तिसरा, समीक्षेतील वापर यांच्या मधोमध पडतो: शरीरसंबंधासारखा विषय थेट न लिहिता सूचक शब्दांनी गोंजारत राहणाऱ्या शैलीला इंग्रज समीक्षक 'कॉय' म्हणतात.

नोंदीसाठी मराठी प्रतिशब्द निवडताना मात्र वेगळाच पेच उभा राहिला. अध्यापकांनी 'लटका' सुचवला. संतवाङ्मयात 'लटिका' म्हणजे सरळ खोटा. आजच्या मराठीत 'लटका राग' म्हटला की त्यात लबाडीपेक्षा लाड अधिक असतो, म्हणजे या शब्दाचा प्रवास 'कॉय'च्या उलट दिशेने झाला आहे. कोशकारांना तो एवढ्यासाठीच अपुरा वाटला, कारण त्याने इंग्रजी शब्दातला आरोप पुसला जातो. 'नखरेल' आणि 'मुरका मारणारी' यांत दिखाऊपणा आहे, पण माघार नाही. शिवाय इंग्रजी विशेषण लिंगानुसार बदलत नाही, म्हणून शतकानुशतके स्त्रियांनाच लावले जाऊनही ते कोशात तटस्थ दिसते. मराठीत लटका, लटकी, लटके यांपैकी एक लिहावेच लागते. कोशाच्या रिवाजानुसार पुल्लिंगी रूप आधी येते, आणि कोशकारांनी ते तसेच ठेवले: लटका संकोच दाखवणारा, आढेवेढे घेणारा; त्यापुढे, 'बोलणाऱ्याच्या मते', हे दोन शब्द. अध्यापकांनी त्याआधी 'शांत, विनयी' हा जुना अर्थ कालबाह्य अशा खुणेसह घालायला लावला. उदाहरणाचे वाक्य मंत्रिपदाविषयी विचारल्यावर विषय बदलणाऱ्या आमदाराचे घ्यावे, हे कोशकारांचे म्हणणे त्यांनी मान्य केले, परंतु प्रेयसीचे दुसरे उदाहरणही हवे असा आग्रह धरला. त्यावर कोशकारांनी ते वाक्य तिच्या प्रियकराच्या तोंडी, अवतरणचिन्हांत घातले.